नऊ फूट

थॉर्नॅपल नदीच्या उजव्या काठाने
साडेतीन मैल लांब ही जमीन, कौंटीची.
इथे डबा लपवायचा तर आधी अर्ज,
आणि अर्ज येतो माझ्या टेबलावर.

खेळ साधा आहे. कुणीतरी डबा लपवतं,
जागेचे आकडे जगाला सांगतं,
परकी माणसं यंत्र हातात धरून शोधत येतात,
वहीत नाव लिहितात,
डबा होता तसा ठेवून निघून जातात.

मी विचारते: अक्षांश, रेखांश.
झाकण घट्ट बसतं का.
आत खाण्याचं काही नाही ना, कारण रॅकून
माणसांपेक्षा नेटाने शोधतात.
खणायचं नाही. सालीत खिळा नाही.
पाण्यापासून पन्नास फूट,
कासवं अंडी घालतात त्या वाळूपासून दोनशे.
मुदत एक वर्ष. शुल्क नाही. इथे सही.

ऑर्लो टरहार आला तो टोपी हातात घेऊन.
म्हणाला, डबा आहेच तिथे, नऊ वर्षं झाली.
हेटीने ठेवला. तेव्हा हा नियम नव्हता.
मी म्हटलं, होता.
तो थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिला.
मग म्हणाला, अस्सं.
मला बोलली नाही ती.

तपासणीला मी गुरुवारी गेले.
उद्यानाची वाट लांबून, दलदलीला वळसा घालून जाते.
जवळची वाट ओडेट फासबिंडरच्या मक्यातून.
तिने पाटी लावली आहे: खाजगी, विचारून जा.
मी घाईत होते.
विचारलं नाही.

यंत्र म्हणालं, इथे. इथे काहीच नव्हतं.
चार पावलांवर सिकॅमोर, मुळं अर्धी हवेत,
आणि मुळांच्या कुशीत दगडाआड
काडतुसांचा जुना हिरवा डबा.
प्लॅस्टिकचा डायनासोर. कुठल्या कुलपाची कोण जाणे, एक किल्ली.
वही ओलसर, पण शाबूत.
ग्रँड रॅपिड्सहून आलेली दोन भावंडं.
कुणाकडे पेन नव्हतं, त्याने
ब्लॅकबेरीच्या रसाने सही केलेली, आता तपकिरी.
पहिल्या पानावर हेटीचं तिरकं अक्षर:
"नदीला विचारलं. ती काही बोलली नाही.
मौन म्हणजे संमती."

मी टेप सोडली. एक्केचाळीस फूट.
पुन्हा मोजलं. एक्केचाळीस.

ऑर्लो शपथेवर सांगत होता,
तिने पासष्ट मोजले होते, त्याच्याच टेपने,
आणि टेपचं दुसरं टोक त्यानेच धरलं होतं,
कशासाठी ते न विचारता.
खोटं नसावं. डबा तसूभर सरकलेला नाही.
नऊ एप्रिल आले, नऊ पूर आले,
काठच आत येत राहिला,
कुणाच्या टेबलावर अर्ज न ठेवता.

नियमात यासाठी रकाना नाही.
मी लिहिलं: नऊ फूट मागे घ्यावा.

तो फोनवर गप्प. मग हळूच,
म्हणजे आकडे बदलणार.
ते आकडे तिने काढलेत. स्वयंपाकघरात
कॅलेंडरच्या मागे तिच्या हाताने लिहिलेत.

मी त्याला समजावलं, हवं तितक्या कोरडेपणाने:
दाट झाडीत यंत्राचीच चूक
दहा-बारा फुटांची असते. त्या दिवशी मलाच
चार पावलं चुकवलं त्याने.
नऊ फुटांनी काही बदलत नाही.
तेच आकडे लिहा.

शनिवारी आम्ही डबा हलवला.
त्याने उचलला, मी दगड आणले.
येताना ओडेटच्या दारावर थाप मारली,
या वेळी दोघांनी.
जा, म्हणाली ती, पण कुत्रं सुटं आहे,
आणि गुरुवारी मक्यातून कोण गेलं
ते माहीत आहे मला.

जुन्या जागी डब्याएवढी फिकट माती उरली,
कडा अगदी सरळ,
मधोमध एक गांडूळ, उजेडाने बावरलेलं.
ऑर्लोने वाकून त्यावर पाचोळा ओढला.

नूतनीकरण पुढच्या मे महिन्यात.
टेप घेऊन या, मी सांगितलं.
दुसरं टोक मी धरीन.